चावी कुणाच्या कमरेला?

माझं भांडण खेळांशी नाही, हे आधीच सांगून टाकतो. पन्नाशी उलटलेल्या माणसाने गेमिंग लॅपटॉपवर लिहायला घेतलं की ‘हल्लीची पिढी वाया चालली’ हे वाक्य कुठे येतं, याची वाचक वाट बघत बसतात. ते या लेखात येणार नाही. गणपतीच्या दहाही रात्री जागून मेंढीकोट कुटलेल्या माणसाला दुसऱ्याच्या खेळाला नावं ठेवायचा अधिकार उरत नाही. माझं भांडण आहे ते विकणाऱ्यांशी. पैसे रोख मोजून घ्यायचे, वस्तू आपल्या हातात द्यायची आणि चावी मात्र स्वतःच्या कमरेला खोचून ठेवायची, या त्यांच्या रीतीशी.

आमच्या भाचेरावांनी दोन वर्षं पगारातून पैसे बाजूला टाकून नाशकात असा एक लॅपटॉप घेतला आणि ऐन जुलैत एस.टी.ने जव्हारला आणला. मांडीवर घेऊन. देवघरासमोर खोकं उघडलं, हळदकुंकू वाहिलं, बटण दाबलं. पडदा उजळला आणि यंत्र म्हणालं, आधी इंटरनेट जोडा. पुढे जायचं बटणच नाही!

आता जव्हार आहे ४५० मीटर उंचीच्या पठारावर. पाऊस इथे पाहुण्यासारखा येत नाही, घरजावयासारखा मुक्काम ठोकतो. त्या आठवड्यात वीज गेली होती आणि तिच्या मागोमाग मोबाइलचं नेटवर्कही. तीन दिवस ते यंत्र देवासमोर नुसतं बसून होतं. चौथ्या दिवशी गच्चीत, छत्रीखाली, फोन उंच धरून एकदाचं नेट मिळालं आणि यंत्राने आम्हाला घरात घेतलं.

त्यानंतरची संध्याकाळ मात्र मजेत गेली. भाचा एकेक गोष्ट करत होता आणि मला समजावत होता. “मामा, हा पडदा सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलू शकतो, पण ठेवलाय ६० वर.” तो १४४ वर गेला. आत चित्रं काढणाऱ्या दोन चिप निघाल्या, एक काटकसरी आणि एक उधळी. खेळ उधळीच्या हवाली केला. बॅटरी सतत काठोकाठ भरलेली राहिली तर लवकर म्हातारी होते, म्हणून भरणं ८० टक्क्यांवर थांबवलं. न मागता आलेली चार फुकट सॉफ्टवेअरं काढून टाकली. खालून हवा खेळावी म्हणून मागच्या बाजूला दोन पुस्तकं सरकवली (त्यातलं एक माझं आहे, ते कुणाच्या तरी उपयोगी पडलं याचा आनंद आहे). विटेएवढा चार्जर लावला, कारण नुसत्या बॅटरीवर हे यंत्र बैलाच्या चालीने चालतं. हे सगळं माणूस आणि यंत्र यांच्यातलं काम. त्यात तिसऱ्याची गरज पडली नाही.

तिसरा आला तो खेळाबरोबर. खेळ १०० जीबीचा आणि भाच्याला रोज मिळतो २ जीबी डेटा. म्हणजे ५० दिवस! अखेर लॅपटॉप पुन्हा नाशिकला गेला, खेळ पोटात घालून परत आला. सुरू केला तर म्हणतो, तुम्ही तो विकत घेतलाय का हे आधी तपासतो, इंटरनेट जोडा. खेळ एकट्याने खेळायचा, समोर भिडू नाही, तरी परवानगी हवी.

हे मी एका दुकानदाराला बोलून दाखवलं. तो म्हणाला, “काका, आता नेट कुठे नसतं?” अशा माणसाला जुलैत मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावर चार दिवस पाहुणचाराला बोलवावं. दुसरा युक्तिवाद चोरीचा. चोरून खेळतात म्हणे लोक. असतीलही. पण म्हणून खरेदी करणाऱ्यालाच रोज दारात उभं करून पावती मागायची? तिसरा युक्तिवाद सुरक्षिततेचा, आणि तो मला मान्य आहे. सुधारणा याव्यात, पण नेट असेल तेव्हा याव्यात. त्यांच्यासाठी घराचं दार बंद कशाला?

चावी दुसऱ्याकडे असली की काय होतं, हे आमच्या भागाला शिकवावं लागत नाही. मुंबई महापालिकेचं मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात, कोचाळे गावापाशी आहे. २०१४ साली त्याचं लोकार्पण झालं. मुंबईला रोज ४५.५ कोटी लिटर पाणी पुरवण्यासाठी ते बांधलं, आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर बाया टँकरची वाट बघतात. वस्तू आपल्या अंगणात आणि नळ दुसऱ्याच्या हातात, हा प्रकार लॅपटॉपवाल्यांनी शोधलेला नाही.

आणि चावीवाल्याला कंटाळा आला तर? ‘द क्रू’ नावाचा मोटारींच्या शर्यतीचा खेळ युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २०१४ साली काढला आणि ३१ मार्च २०२४ रोजी त्याचे सर्व्हर बंद केले. एकट्याने खेळायलाही सर्व्हर लागत असल्याने पैसे भरलेल्यांच्या घरात तो खेळ मेला. लोक चिडले. असे खेळ मारू नका, या मागणीच्या युरोपातल्या अर्जावर जुलै २०२५ पर्यंत १० लाखांवर सह्या झाल्या. कॅलिफोर्नियात २०२५ पासून कायदाच आहे: तुम्ही वस्तू नव्हे, वापरायची परवानगी विकत असाल, तर तसं गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा.

आपल्याकडे बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका छापतात, म्हणजे शाकाहारी माणूस फसत नाही. तसाच एक ठिपका या खोक्यांवर हवा: ‘हा माल इंटरनेटशिवाय उघडत नाही.’ तो येईल तेव्हा येवो. तोवर वाचकहो, लॅपटॉप घ्यायला गेलात तर पैसे देण्याआधी दुकानदाराला एवढंच म्हणा, “नेट बंद करा आणि नवं खोकं फोडून सुरू करून दाखवा.” दुकानदार तुमच्याकडे विचित्र नजरेने बघेल. बघू द्या. पैसे अजून तुमच्या खिशात आहेत.