कोपरावरचे चट्टे आणि वेगळं ठेवलेलं ताट

मैत्रिणींनो, या आठवड्यात एकच पत्र घेते. लग्नाला चार वर्षं झालेली एक भगिनी लिहिते, "कोपरांवर, गुडघ्यांवर लाल चट्टे आलेत, वरून पांढरे पापुद्रे सुटतात. डॉक्टरांनी सोरायसिस सांगितलं. तेव्हापासून सासूबाईंनी माझं ताट वेगळं केलंय. बाळाला जवळ घेतलं की त्यांचा जीव वरखाली होतो. बाळाला लागेल का हो?"

नाही लागणार. ताटानं, टॉवेलानं, अंथरुणानं, दुधानं, कशानंही नाही. नायटा किंवा खरूज लागते. ती वरवर पाहता अशीच दिसते, म्हणून सासूबाई घाबरल्या असतील. कल वारशानं येऊ शकतो हे खरं, पण आईला असलं तरी बहुतेक मुलांना सोरायसिस होत नाही.

मग होतं काय? त्वचेच्या तळाशी तयार झालेली पेशी वर येऊन झडायला एरवी साधारण महिना लागतो. इथे तेच काम ३ ते ५ दिवसांत उरकतं. कच्च्या पेशींचे थर साचतात, तेच पापुद्रे. ही घाई लावते आपलीच रोगप्रतिकारशक्ती. जंतूंशी लढणाऱ्या टी पेशी जंतू नसतानाच लढाई मांडतात आणि इंटरल्युकिन-१७ सारखी रसायनं सोडून त्वचेला डिवचत राहतात. पूर्वी हा त्वचेचाच दोष समजत. १९७९ साली सांधेदुखीच्या रुग्णांना सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध देऊन पाहिलं, तर ज्यांना सोरायसिस होतं त्यांचे चट्टेच जाऊ लागले! तिथून विचाराची दिशा बदलली.

म्हणून शेजारणीनं दिलेला 'प्रतिकारशक्ती वाढवणारा' काढा तुम्ही घेताय, त्याचं मला हसूही आलं नि वाईटही वाटलं. ती कमी कुठे पडतेय? ती भलतीकडे धावतेय.

दुसरं, आंघोळीला वजरीनं घासून पापुद्रे काढता असं लिहिलंय. ते आजपासून बंद. घासलेल्या, खरचटलेल्या जागी नवे चट्टे उठतात. त्यापेक्षा अंग ओलसर असतानाच व्हॅसलीन किंवा खोबरेल लावा. घसा दुखून ताप आला तर अंगावर काढू नका, त्यानंही हा आजार उसळतो. औषधाच्या दुकानातून नाव सांगून ट्यूब आणणं तर नकोच. बहुधा त्यात स्टेरॉइड असतं. डॉक्टरांनी दिलेलं मलम लावलं, की हात धुऊनच बाळाला घ्यावं.

मेथोट्रेक्सेट नावाची गोळी लिहून दिली असेल तर नीट वाचा. या आजारात ती आठवड्यातून एकदाच घेतात, रोज नाही. रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. आणि बाळ अंगावर पीत असेल किंवा दुसऱ्याचा विचार असेल तर ही गोळी चालत नाही, तेव्हा डॉक्टरांना आधी सांगा. सकाळी बोटं आखडतात, सांधे सुजतात असं असेल तर तेही सांगा. हाच आजार सांध्यांतही उतरू शकतो.

पुढच्या खेपेला सासूबाईंना बरोबर न्या आणि बाळाचा प्रश्न त्यांच्यासमोरच विचारा. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं त्यांना जास्त पटेल. आणि हो, हळदीकुंकवाला पूर्ण बाह्यांचा ब्लाउज शिवू का, असं विचारलंय. हौस असेल तर शिवा, सुती शिवा. पण घरात असताना बाह्या आखूडच बऱ्या, सकाळचं कोवळं ऊन या चट्ट्यांना बहुतेक वेळा मानवतं.