एका म्यानांत तीन तरवारी

एका म्यानांत दोन तरवारी राहत नाहींत, ही म्हण रॉक संगीताच्या व्यापारांत फार दिवस वेदवाक्यासारखी चालत आली. नामांकित गिटारवादकाचा जलसा त्याच्या एकट्याच्या नांवावरच विकावयाचा, हा तेथील शिरस्ता. जो सॅट्रियानी या अमेरिकन वादकांनीं १९९६ सालीं तो मोडला. स्टीव्ह व्हाय व एरिक जॉन्सन या आपल्या तोलाच्या वादकांस बरोबर घेऊन त्यांनीं 'जी-थ्री' नांवाचा जलशांचा दौरा काढला. प्रत्येकानें आपापलें वादन करावें व शेवटीं तिघांनीं मिळून वाजवावें, एवढीच योजना. हेच तिघे २०२४ च्या आरंभीं अमेरिकेंत पुनः एकत्र आले. तेव्हां सॅट्रियानी ६७, व्हाय ६३ व जॉन्सन ६९ वर्षांचे होते.

यावर आमच्या सुशिक्षित मित्रांचे दोन आक्षेप आहेत. एक, हा म्हाताऱ्यांनीं मांडलेला जुन्या आठवणींचा बाजार आहे. दुसरा, हें संगीतच नव्हे, बोटांच्या चपळाईची कुस्ती आहे.

पहिल्या आक्षेपाचें आम्हांस नवल वाटतें. सत्तरीच्या गवयाचा षड्ज ऐकून जे 'काय ही परिपक्वता!' म्हणून मान डोलावतात, तेच सत्तरीच्या गिटारवादकास घरीं बसण्याचा सल्ला देतात. वय हा कलेचा गुण कीं दोष, याचा निकाल वाद्याची जात पाहून लावावयाचा, हा कोणता न्याय? तिकिटें विकलीं जातात हें खरें. पण आमचे गवई तरी बिदागीवांचून कोठें गातात?

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. शेवटच्या एकत्र वादनांत कधीं कधीं संवाद संपून केवळ पाळी उरते, आणि आपली पाळी आली कीं द्रुत तानांची आतषबाजी सुरू होते, हें आम्ही मान्य करतों. परंतु १९९७ सालीं निघालेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेच्या शेवटीं जिमी हेंड्रिक्स यांचें 'रेड हाउस' आहे, तें आक्षेपकांनीं एकदां शांतपणें ऐकावें. ब्लूज, म्हणजे अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांच्या दुःखांतून उपजलेला गीतप्रकार. त्याचीच ही संथ लयीची रचना. बांधा तोच, लय तीच. तरीहि डोळे मिटून ऐकणाऱ्यास तीन निराळीं माणसें दिसतात. जॉन्सन यांचा स्वर व्हायोलिनसारखा गोल व गोड. सॅट्रियानी यांची गिटार गाते. व्हाय यांची बोलते, हंसते, मध्येंच वेडावूनहि दाखवते. एकेकट्याच्या जलशांत हें वेगळेपण इतकें उघड झालें नसतें. कस लागावयाचा तर कसोटीचा दगड एकच हवा.

आणि यांतील खरें मर्म तर पुढेंच आहे. व्हाय हे सॅट्रियानी यांचे शिष्य. लाँग आयलंडवर, पोरवयांत, एका हातांत बिनतारांची गिटार व दुसऱ्या हातांत तारांची पुडी घेऊन ते त्यांच्याकडे शिकावयास गेले. गुरूहि तेव्हां पोरसवदाच होते. पुढें फ्रँक झापा यांच्या ताफ्यांत वाजवून व्हाय यांनीं आपली निराळीच वाट काढली. अशा शिष्यास गुरूनें १९९६ सालीं शेजारीं उभें केलें, आणि २०२५ सालीं तर दोघांनीं एकाच बँडमध्यें युरोपचा दौरा केला. शिष्य आपली नक्कल झाला नाहीं, याचें वैषम्य त्या गुरूस वाटल्याचें दिसत नाहीं.

आम्ही स्वतः पुष्कळ वर्षें शिकविण्याचा धंदा केला आहे, म्हणून हें बोलणें आम्हांसहि बोंचतें. आमचींच टिपणें विद्यार्थ्यानें उत्तरपत्रिकेंत परत लिहून दिलीं कीं आम्ही त्यास पहिला वर्ग देतों. शिष्याकडून हरण्यांतच गुरूची कृतार्थता आहे, असें आम्ही गुरुपौर्णिमेस भाषणांतून सांगतों. शिष्यास मागें तंबोऱ्यावर बसविणारे गुरु आम्ही पुष्कळ पाहिले. चार हजार श्रोत्यांसमोर त्याला बरोबरीनें उभा करून, 'आतां तूं वाजव' म्हणणारे किती पाहिले, याचा हिशेब आक्षेपकांनीं आधीं द्यावा. मग खुशाल त्या तिघांचीं वयें मोजीत बसावें.