गोळीला घाबरा, पण कोणत्या?




घबराटीवर, ताणावर डॉक्टरांनी गोळी लिहून दिली की आमच्या ढाणकीत पहिला प्रश्न ठरलेला: ‘सवय तर लागणार नाही ना?’ प्रश्न रास्तच आहे. पण तो डॉक्टर सोडून शेजारपाजारी विचारला जातो.

चिठ्ठीवर पुष्कळदा दोन निराळी औषधे असतात, कधी एकाच गोळीत. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन ही नैराश्य-चिंतेवरची. त्यांची तलफ येत नाही, पण गुण यायला काही आठवडे जातात. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम त्याच रात्री झोप आणतात, आणि सवय लागते ती यांची. पहिल्या आठवड्यात मळमळ, बेचैनी सोसूनही फरक नाही म्हणून माणूस पहिले औषध टाकतो आणि ‘झोपेची’ तेवढी मेडिकलमधून मागून घेत राहतो. ज्याची भीती होती, तेच स्वतःच्या हाताने ओढवून घेतो. बरे वाटताच गोळ्या एकदम बंद केल्या, तर चक्कर येते, चिडचिड होते. मग गावभर बोभाटा, ‘बघा, सुटत नाही!’ डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू उतरवायची असते, हे सांगितलेलेच नसते.

खरी काळजी घ्यायची ती तरुण पोरांची. नैराश्यावरच्या गोळ्यांच्या सुरुवातीच्या काळात आत्महत्येचे विचार वाढू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ पासून २४ वर्षांपर्यंतच्या रुग्णांसाठी दिला आहे. घरच्यांना तो कोण सांगतो?

‘कर्ज काय गोळीने फिटणार?’ असेही ऐकू येते. नाही फिटणार. साध्या ताणाला आधी समुपदेशनच हवे. पण महिनोन्‌महिने झोप नसलेला शेतकरी बँकेशी बोलणी तरी कशी करणार?

शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी २०१५ पासून ‘प्रेरणा प्रकल्प’ आहे, टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक मोफत आहे. तरी तज्ज्ञांना गाठायचे तर जिल्ह्याचे ठिकाण यवतमाळ इथून शंभरावर किलोमीटर. गोळीने त्रास झाला तर मजुरी बुडवून तिथवर कोण जाईल? तेव्हा मागणी एवढीच: मानसोपचारतज्ज्ञांचा ठरलेला दिवस ढाणकीच्या आरोग्य केंद्राच्या फलकावर लिहावा, आणि नवी गोळी सुरू झालेल्या रुग्णाला पहिल्या पंधरवड्यात आरोग्य खात्याने स्वतःहून फोन करावा.

– एक वाचक, ढाणकी (ता. उमरखेड)