'गलोर' म्हणजे नुसतं 'भरपूर' नाही



पाचवीच्या एका वहीत मी बरोबर वाक्य चूक ठरवलं होतं, तिथूनच सुरुवात करते. आठवडी बाजारावर इंग्रजीत पाच वाक्ये लिहायची होती. एका मुलीने लिहिलं, 'देअर वेअर मँगोज गलोर.' मी लाल पेनाने 'गलोर'ला गोल केला आणि बाण काढून 'मँगोज'च्या आधी नेऊन ठेवला. माझा हिशोब सरळ होता. गलोर म्हणजे भरपूर, मग 'भरपूर आंबे' तसं 'गलोर मँगोज'. मुलगी म्हणाली, "बाई, कपड्याच्या दुकानाच्या जाहिरातीत 'ऑफर्स गलोर' असंच छापलेलं होतं." मी म्हटलं, जाहिरातीत काहीही छापतात. घरी येऊन शब्दकोश उघडला, तर मुलगीच बरोबर!

हा शब्द नेहमी नामाच्या मागून येतो. काही शब्दकोश त्याला क्रियाविशेषण म्हणतात, काही विशेषण. मुलांना त्या वादात ओढू नका, जागा तेवढी दाखवा. ही जागा आली कुठून, ते मात्र जरूर सांगा. सतराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला तो आयरिश भाषेतल्या 'गो ल्योर'वरून. आयरिशमध्ये विशेषण साधारणपणे नामानंतर येतं. शब्द इंग्रजीच्या घरी नांदायला आला, पण माहेरची सवय काही सोडली नाही.

गंमत म्हणजे 'गो ल्योर'चा अर्थ 'पुरेसं' असाही होतो आणि 'भरपूर' असाही. आपल्याला यात नवल वाटायला नको. पंगतीत वाढपी भात घेऊन आला की पानावर हात आडवा धरून आपण काय म्हणतो? "नको नको, भरपूर झालं!" म्हणजे पुरे. इंग्रजीत येताना मात्र 'पुरेसं' मागे राहिलं आणि रेलचेल तेवढी आली.

स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतही हाच शब्द आहे. १९४१ साली तिथल्या एरिस्के बेटाजवळ व्हिस्की घेऊन जाणारं एक जहाज खडकावर अडकलं आणि बेटकऱ्यांची चंगळ झाली. त्यावर कॉम्प्टन मॅकेन्झी यांनी १९४७ मध्ये कादंबरी लिहिली, तिचं नाव 'व्हिस्की गलोर'. (वर्गात हे उदाहरण नको, शिक्षकांसाठी आहे!)

आता माझं मत. आपण मुलांकडून रोज दहा शब्द पाठ करून घेतो. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे एक मराठी अर्थ. पालकही विचारतात, "बाई, आज किती शब्द झाले?" या पद्धतीत 'प्लेंटी', 'अबंडंट', 'गलोर' या सगळ्यांसमोर 'भरपूर' येतं आणि मूल तिन्ही एकाच जागी वापरतं. मराठीत आपण असं करतो का? गर्दी चिक्कार असते, पाणी मुबलक असतं, पैसा बक्कळ असतो आणि लेखन विपुल असतं. 'विपुल गर्दी' म्हटलं तर पहिलीचं पोरही हसेल. त्याने हे यादीतून पाठ केलेलं नसतं, घरीदारी ऐकलेलं असतं. इंग्रजी त्याच्या कानावर तेवढं पडत नाही, म्हणून तर शब्द जोडीदारासकट द्यायला हवा. 'गलोर = भरपूर' न लिहिता 'टॉईज गलोर', 'कलर्स गलोर' असं लिहून द्या.

आणि मराठी अर्थ द्यायचाच असेल तर 'भरपूर'पेक्षा जवळचा आपल्याकडे आहे. 'आंबेच आंबे', 'खेळणीच खेळणी'! हे म्हणताना आवाज आपोआप चढतो, डोळे मोठे होतात. 'गलोर'मध्ये तोच थाट आहे. म्हणून तो जाहिरातीत, मथळ्यात, जत्रेच्या वर्णनात शोभतो, रजेच्या अर्जात नाही. त्याच्या आधी 'व्हेरी' लावू नये, आणि 'मँगोज आर गलोर' असंही शक्यतो लिहू नये.

दुसऱ्या दिवशी मी ती वही मागून घेतली, बाण खोडला आणि वर्गासमोर सांगितलं की बाई चुकल्या होत्या. मग फळ्यावर 'गलोर' लिहून प्रत्येकाला एकेक जोडी विचारली. फ्लॉवर्स गलोर, बलून्स गलोर, गोट्स गलोर आलं. शेवटच्या बाकावरून आवाज आला, "होमवर्क गलोर!"

त्यालाही बरोबर दिलं.