आधीं चालावें, मग सांगावें

रस्त्यानें चालतां चालतां फोनचा कॅमेरा समोर धरावा, जें दिसेल तें त्याच घटकेस दूरच्या प्रेक्षकांस दाखवावें, आणि त्यांनीं लिहून पाठविलेल्या प्रश्नांस मोठ्यानें उत्तरें देत पुढें जावें, असा एक प्रघात अलीकडे पडला आहे. यास 'लाइव्ह जाणें' म्हणतात. आमच्या वरच्या वर्गांतील पुष्कळ विद्यार्थ्यांस त्याची गोडी लागली आहे. त्यांच्या पालकांपैकीं कांहींस मात्र हा प्रकार नीटसा ठाऊक नाहीं. म्हणून त्याविषयीं दोन शब्द लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

ही कल्पना अगदींच कालची नव्हे. सन २००७ मध्यें अमेरिकेंतील सान फ्रान्सिस्को शहरीं जस्टिन कान नांवाच्या तरुणानें टोपीस कॅमेरा लावून आपला दिनक्रम अहोरात्र जगास दाखविण्यास आरंभ केला. त्या वेळीं पाठीवर संगणकाची पिशवी वागवावी लागे. आज खिशांतील फोन पुरतो. साधन इतकें सोपें झालें म्हणूनच विचार करण्याची गरज अधिक.

या प्रकारांत चांगलें कांहींच नाहीं, असें आम्ही म्हणत नाहीं. अंथरुणास खिळलेल्या मनुष्यास त्यायोगें दुसऱ्याच्या पायांनीं बाजार हिंडून येतां येतो. परदेशीं राहणाऱ्या लेकीस आषाढी वारीची दिंडी चालत असतांनाच पाहावयास मिळते. आमचा आक्षेप दाखविण्यास नाहीं; पाहणें आणि दाखविणें यांमधील अवधि नाहींसा होण्यास आहे. पूर्वीं प्रवासी दिवसभर गांव पाही आणि रात्रीं बसून घरीं पत्र लिही. काय सांगावें आणि काय पोटांत ठेवावें, याचा विचार त्या मधल्या अवधींत होत असे. तो अवधि तीन गोष्टींचें रक्षण करतो, असें आमचें मत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे चालणाऱ्याचा जीव. तो या क्षणीं कोठें आहे, हें दुकानाच्या एका पाटीवरून कोणासहि कळतें. दिनांक ११ मार्च २०२५ रोजीं टोकियो शहरांत अशाच रीतीनें पायीं फिरत प्रेक्षकांशीं बोलणाऱ्या एका तरुणीवर भर रस्त्यांत प्राणघातक हल्ला झाला व तींत ती मरण पावली. हल्लेखोराचें तिच्याशीं पैशांवरून वितुष्ट होतें, आणि तिचा ठावठिकाणा त्यानें तिच्याच प्रक्षेपणावरून ओळखिला. आपल्या मुंबईंतहि नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस खार येथें, लाइव्ह असलेल्या एका दक्षिण कोरियन तरुणीची रस्त्यांत छेड काढण्यांत आली. त्या चित्रामुळें पोलिसांस दोघां तरुणांना अटक करतां आली, हें खरें. पण अनेक डोळे पाहत असतांनाहि छेड टळली नाहीं. दूरचा प्रेक्षक म्हणजे सोबती नव्हे, हें यावरून ध्यानीं यावें.

दुसरी गोष्ट वाटेवरच्या परक्या माणसाची अब्रू. औषधाच्या दुकानीं उभी असलेली बाई, हातगाडीवर खाणारें पोर, उधारीसाठीं विनवणी करणारा गृहस्थ, यांपैकीं कोणीं आपणांस दाखवा म्हणून सांगितलें होतें? दिनांक २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनीं एकमतानें खासगीपण हा मूलभूत हक्क ठरविला. तो निकाल शासनाच्या सत्तेस मर्यादा घालणारा आहे. पण शासनाकडून ज्या आदराची आपण अपेक्षा करतों, तो शेजाऱ्यास देण्यास न्यायालयाची आज्ञा कशास हवी? आधीं टिपलेल्या चित्रांतून चेहरा पुसतां येतो. लाइव्ह गेलेला चेहरा परत बोलावितां येत नाहीं.

तिसरी गोष्ट चालणाऱ्याची स्वतःची इच्छा. यूट्यूबवर २०१७ पासून 'सुपर चॅट' नांवाची सोय आहे; पैसे भरणाऱ्याचा संदेश तींत ठळकपणें वर दिसतो. मग "त्या माणसास हटकून पाहा", "त्या गल्लींत शिरून दाखव", अशा फर्माइशी येऊं लागल्या म्हणजे पाय आपले आणि मर्जी दुसऱ्याची, अशी गत होण्यास वेळ लागत नाहीं.

कोणी म्हणेल कीं, मागाहून दाखविल्यास गप्पांची मौज राहणार नाहीं. ती कमी होईल, हें आम्ही मान्य करतों. परंतु जी मौज अनोळखी बाईच्या अब्रूवर किंवा आपल्या जिवावर उधार घेतली जाते, ती थोडी कमी झालेलीच बरी.

विद्यार्थिमित्रांनो, रस्ता पाहा, टिपून ठेवा, घरीं येऊन शांतपणें पुन्हां पाहा, जें नको तें गाळा, आणि मग खुशाल दाखवा. लाइव्ह जावयाचेंच असेल तर वडील माणूस बरोबर असूं द्या. २२ जुलै २०२५ पासून यूट्यूबनेंहि १६ वर्षांखालील मुलांस एकट्यानें लाइव्ह जाण्याची मनाई केली आहे. १३ ते १५ वर्षांच्या मुलाबरोबर मोठें माणूस दिसलें पाहिजे, असा तेथील नियम आहे.

पालकांसहि आमची एक विनंती आहे. केवळ फोन हिसकावून घेतल्यानें विवेक शिकवितां येत नाहीं. तुम्ही क्रीडादिनीं मैदानाच्या कडेनें फिरत आपल्या मुलाची शर्यत लाइव्ह दाखवितां, तेव्हां शेजारच्या रांगेंत पडून रडणारें दुसऱ्याचें मूलहि जगास दिसतें. त्या वेळीं तुम्हीं फोन खालीं केला, तर तुमच्या मुलास या सबंध लेखाहून अधिक कळेल.