स्कॅन झाले, आता कागद कशाला?

राष्ट्रीय अभिलेखागारातले कागद एकदाचे स्कॅन करा, गठ्ठे निकालात काढा आणि जनपथावरची ती मोक्याची जागा मोकळी करा, असा सल्ला एका विद्वानांनी नुकताच दिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : कागदाला कसर लागते, आग लागते, संगणकात गेला की तो अमर झाला.

हे अमरत्व त्यांनी कुठे पाहिले? इंग्लंडमधल्या जमीन-मालमत्तेच्या जुन्या नोंदवहीला, म्हणजे डूम्सडे बुकाला, नऊशे वर्षे झाली म्हणून 1986 साली बीबीसीने ब्रिटनच्या लोकजीवनाची नोंद लेसर डिस्कवर केली. पंधरा-सोळा वर्षांतच त्या डिस्क वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली. 1086 सालचे मूळ चर्मपत्र मात्र आजही वाचता येते. आगीची भीती खरी आहे. 1922 साली डब्लिनचे दफ्तर जळाले. पण त्यावरून प्रती काढाव्यात एवढेच ठरते, अस्सल फेकावे असे नाही.

माझा मुख्य आक्षेप पुढेच आहे. कागद म्हणजे नुसता मजकूर, हीच समजूत मुळात चुकीची. जुन्या मोडी पत्रांत कागदाचा एक बंद (तुकडा) दुसऱ्याला चिकटवलेला असतो आणि मधला बंद कोणी बदलू नये म्हणून जोडावर मागच्या बाजूने शिक्का मारलेला सापडतो. स्कॅन करणाऱ्याने फक्त दर्शनी बाजू घेतली की ती साक्ष गेली. शाई नंतरची आहे का, कागद त्या काळचा आहे का, हे उजेडासमोर धरून, तपासून कळते. खोटी सनद उघडी पाडायची तर अस्सल हाताशी हवेच. आणि कुठला कागद कुठल्या रुमालात (कापडात बांधलेल्या गठ्ठ्यात), कोणत्या कागदाशेजारी होता, हाही पुरावाच असतो. हिशेबाचे रुमाल काय कामाचे, राजकीय पत्रे तेवढी ठेवा, हा वादही जुनाच. त्याच रुमालांतून आज पेशवाईतली मजुरी आणि धान्याचे भाव कळतात! ठेवावे काय हे आजच्या गरजेवरून ठरवणाऱ्यांनी तेव्हाही घात केला असता.

शिवाय कायदा आहे. 1993 च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यानुसार 1892 पूर्वीचा कागद, अगदी निरुपयोगी होण्याइतका खराब झाल्याशिवाय, नष्ट करता येत नाही. सल्ला देण्याआधी एवढे वाचायला हवे होते.

स्कॅन जरूर करा, दोन्ही बाजूंनी करा. त्याआधी सूची पुरी करा, फाटके कागद सांधा, मोडी आणि फारसी वाचणारी माणसे पगारावर नेमा. आणि पंचवीस वर्षांहून जुन्या फायली दाबून बसलेल्या खात्यांना त्या अभिलेखागाराकडे पाठवायला लावा.