विश्लेषण : ‘नॅचरल वाइन’ नैसर्गिक आहे हे ठरवते कोण?

पॅरिस किंवा लंडनच्या एखाद्या वाइन बारमध्ये मित्रासोबत बसले, की यादीत हल्ली ‘नॅचरल’ असा वेगळा रकाना दिसतो. पेल्यात येते ते कधी गढूळ, कधी नारिंगी, कधी चक्क ताकासारखे आंबट. मित्राने मागवलेली फ्रान्सच्या ज्यूरा भागातील जुनी ‘व्हँ जोन’ही तितकीच विचित्र लागते. अनोळखी चवीच्या या दोन वाइन. पण एकीमागे काटेकोर नियम आहेत, दुसरीमागे बऱ्याचदा केवळ एक शब्द.

शब्दाचा अर्थ काय?

युरोपीय महासंघाच्या कायद्यात सेंद्रिय वाइनची व्याख्या आहे, ‘नॅचरल’ची नाही. ढोबळ संकेत असा की द्राक्षे सेंद्रिय हवीत, किण्वन द्राक्षांसोबत आलेल्या यीस्टनेच व्हावे आणि बाहेरून काही घालू नये. वादाचा मुद्दा सल्फाइटचा. सल्फर डायऑक्साइड वाइनला हवा आणि जिवाणूंपासून वाचवतो. नाशिकहून निर्यात होणाऱ्या द्राक्षांच्या पेटीतला ‘ग्रेपगार्ड’ कागद हेच काम करतो. महासंघात साध्या रेड वाइनमध्ये लिटरमागे १५० मिलिग्रॅम, व्हाइटमध्ये २०० मिलिग्रॅमपर्यंत सल्फाइट चालते. फ्रान्समध्ये २०२० साली मान्यता मिळालेल्या ‘व्हँ मेथोड नातुर’ या चिन्हासाठी ही मर्यादा ३० आहे, द्राक्षतोडणीही हातानेच हवी. मात्र हे चिन्ह ऐच्छिक आणि फ्रान्सपुरते.

८ डिसेंबर २०२३ नंतर तयार झालेल्या वाइनला महासंघात घटकांची यादी देणे बंधनकारक झाले. ती बहुधा क्यूआर कोडमागे असते. त्यातही प्रक्रियेत वापरलेले यीस्ट लिहावे लागत नाही; म्हणजे ‘नॅचरल’चा अर्धा दावा यादी वाचूनही तपासता येत नाही.

मग जुनी वाइन वेगळी कशी?

व्हँ जोन केवळ साव्हान्यां द्राक्षापासून होते. पिंपातली वाइन उडून कमी होते, तरी पिंप भरत नाहीत. वर यीस्टची साय धरते आणि त्याखाली ती वर्षानुवर्षे मुरते. द्राक्षतोडणीनंतरच्या सहाव्या वर्षीच्या १५ डिसेंबरपर्यंत ती मुरवणे सक्तीचे आहे. लिटरभर वाइनमधून उरते तेवढीच, असे सांगत तिची बाटलीही ६२ सेंटिलिटरची. अक्रोड आणि मसाल्याचा जो वास येतो तो ‘सोटोलॉन’ या संयुगाचा. आपल्याकडच्या मेथीदाण्यातही तेच असते, त्यामुळे मराठी नाकाला तो परका वाटू नये!

नारिंगी वाइनही नवी नाही. पांढरी द्राक्षे सालीसकट आंबवली की तो रंग येतो. जॉर्जियात हे जमिनीत पुरलेल्या ‘क्वेव्री’ रांजणांत होते; २०१३ मध्ये युनेस्कोने या पद्धतीला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

दोष की वैशिष्ट्य?

खरी मेख इथे आहे. गढूळपणा हा दोष नव्हे, गाळलेली नाही इतकाच त्याचा अर्थ. पण व्हिनेगरचा झणका किंवा घोट गिळल्यावर मागाहून येणारा उंदराच्या पिंजऱ्यासारखा वास हे दोषच. ते ‘स्वभाव’ म्हणून खपवले जातात तेव्हा गिऱ्हाईक चढे पैसे मोजून बिघडलेली वाइन पिते. दुसरीकडे नियमांचा बडगा छोट्या उत्पादकांवरही पडतो : फ्रान्सच्या ल्वार भागात २०१९ मध्ये एका नॅचरल वाइन उत्पादकाला आम्लता मर्यादेबाहेर असल्याच्या कारणावरून दोन हजारांहून अधिक बाटल्या नष्ट कराव्या लागल्या.

बारमध्ये एक साधी चाचणी करता येते. पेला १५-२० मिनिटे तसाच ठेवावा. सडक्या अंड्यासारखा वास असेल तर तो हवा लागून बहुधा जातो. उंदराचा वास मात्र हवेने वाढतो. तसे झाले तर बाटली परत करावी.